दरीतलं स्थळ

"बाबा, बूड टेकवून उतरा. लाज नोका वाटू देऊ," अपेक्षा खालून म्हणाली.

"तू मले नोको शिकवू," चंद्रभानजी म्हणाले, आणि पुढच्याच खडकावर बदकन बसले.

सिंदी रेल्वेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या माणसावर आष्टीकडच्या डोंगरातली दरी उतरायची पाळी यावी, ही लेकीची करणी. तिला पुण्यात नोकरी लागली होती. जायच्या आधी एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, एक स्थळ हाय. वडनेरची माणसं. घरी पोहे खात बसण्यापेक्षा एक मुक्काम दरीत तंबूत करू. माणूस चढणीवर कळते. हे जमलं म्हणजे मी सुखानं पुण्याले जाईन."

चंद्रभानजींनी हातातला घास ताटात ठेवला. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात बोलायला ही एकटीच. पण लेकीला काय जन्मभर दारात बांधून ठेवायची? मन घट्ट करून ते म्हणाले, "चाल, पाहून घेऊ."

म्हणून आज त्यांची नजर मुकेशवरून हटत नव्हती. पोरगा तिशीतला, उंचापुरा. डोंगर भटकायचा नाद, अपेक्षाची ओळखही तिथलीच. स्वतःचं ओझं पाठीवर, वर चंद्रभानजींचंही घेतलेलं. त्याच्या मागून त्याची आई आनंदाबाई पदर खोचून, पायात पांढरे बूट घालून सरसर उतरत होती. नवरा गेल्यावर शेती अन् पोरगा तिनं एकटीनं सांभाळला, असं अपेक्षा सांगत होती. बाईचं चालणंच सांगत होतं, कोणाच्या हाताला धरून ती चालत नसावी.

खाली ओढ्याकाठी मुकेशनं तंबू ताणायला घेतले. चंद्रभानजींनी दोरी धरता धरता परीक्षा सुरू केली.

"तंबाखू खातोस काय रे?"

"नाई काका. तुम्ही?"

"सोडली."

"अन् बीपी, शुगर?"

"देवाच्या दयेनं काई नाई."

"रात्री घोरता काय?"

चंद्रभानजी चाटच पडले. पोरगा उलटा सासऱ्याचीच तपासणी करून राह्यला होता. "आपल्याले एकाच तंबूत झोपाचं हाय ना जी," मुकेश हसून म्हणाला, आणि खुंटी ठोकू लागला. चलाख आहे, पण उद्धट नाही. एवढं मात्र चंद्रभानजींना मान्य करावं लागलं.

उन्हं कलली. आनंदाबाईनं गोवऱ्या पेटवल्या आणि त्यांच्या आरात कणकेचे रोडगे लावले. पोरं लाकडं आणायला गेली तसे चंद्रभानजी वांगी चिरायला बसले.

"तुम्हाले येते वाटते, जी," ती म्हणाली.

"भाजी येते. पोळीचा मात्र नकाशा होते."

ती तोंडाला पदर लावून हसली. "एकट्या माणसानं एवढी खटपट काऊन करा? बाई लावाची होती."

"स्वयंपाकाचं काई नाई हो. दिवे लागायच्या वेळी घर खायला उठते, त्याच्यावर कोण बाई लावाची?"

रोडगा उलटवता उलटवता आनंदाबाई म्हणाली, "मुकेश असते घरी. तरीबी उठते."

जेवताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडची बाई अनोळखी माणसाशी बोलली, की दुसऱ्या वाक्याला 'भाऊ' आलाच. भाजीवाला भाऊ, कंडक्टर भाऊ, पोलीससुद्धा भाऊ. आनंदाबाईनं सकाळपासून त्यांना एकदाही भाऊ म्हटलं नव्हतं. 'अहो' नाहीतर 'जी', बस. चंद्रभानजींनी गणित मांडलं. बाई त्यांना व्याही मानून बसली. व्याह्याला कोणी भाऊ म्हणते काय? म्हणजे तिकडून होकारच आहे.

तुपात बुडवलेला रोडगा हातात तसाच राहिला. आनंद झाला, आणि डोळेही भरून आले. धूर लागला म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. आनंदाबाईनं न विचारता पाण्याचा गिलास पुढे सरकवला.

झोप कसली लागते. सकाळी तंबूबाहेर येऊन पाहतात तर मुकेशनं चहा चढवलेला, आणि आईसाठी पाणी कोमट करून ठेवलेलं. जो पोरगा आईला असा जपतो, तो बायकोला काय कमी करणार? आपलं एकटेपण आपल्यापाशी. त्यापायी लेकीचा संसार अडवणारा बाप होऊन मरायचं नव्हतं त्यांना.

चौघं चहाला बसले. चंद्रभानजींनी घसा खाकरला.

"मुकेशराव," ते म्हणाले. जावयाला लावायचा 'राव' तोंडातून आपसूक निघाला. "मले घुमवून बोलता येत नाई. मले पसंत हाय. माझं काय, मी दुकानात दिवस काढीन. माझ्या पोरीले तेवढी सुखात ठेवजा."

आणि त्यांनी मुकेशचा हात दोन्ही हातांत घेतला.

अपेक्षानं चहाचा कप खाली ठेवला. बापाकडे पाहताना हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मुकेशदादाचं लगन होऊन चार वर्षं झाली. त्याची पोरगी आता अंगणवाडीत जाते."

चंद्रभानजींनी हात सोडवून घ्यायला पाहिलं. मुकेशनं तो सोडला नाही. तसाच धरून तो आईकडे वळला.

"आई, तिकडून तर होकार आला. आता तू सांग, तुले पोरगा कसा वाटला?"