दुसऱ्या संघातला गोल

लॅपटॉपवर क्र्यूगर बाई दिसू लागल्या आणि मोहनने स्वेटर खाली ओढून पोट झाकलं. लंडनमधल्या हॅरोच्या घरात डायनिंग टेबलाशी तिघं बसली होती. मधे मोहन, शेजारी त्याची मुलगी ईशिता, आणि समोर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, त्याचा जुना मित्र शशिधर. मोहनचं जर्मन आता गंजलं होतं, म्हणून दुभाष्याचं काम ईशिताकडे होतं. शाळेत शिकलेलं जर्मन कधी नव्हे ते उपयोगी पडतंय म्हणून ती खुशीत होती. एजवेअरहून शशीकाकाला बोलावून घेण्याचा उत्साहही तिचाच.

मोहन मात्र शशिधरकडे बघायचं टाळत होता.

क्र्यूगर बाई निवृत्त शिक्षिका. जर्मनीतल्या लिंडेनफेल्ड फुटबॉल क्लबच्या दुसऱ्या संघाचा शंभर वर्षांचा इतिहास त्या लिहीत होत्या. पहिल्या संघावर आजवर तीन पुस्तकं निघाली होती, दुसऱ्यावर कुणी पानभरही लिहिलं नव्हतं. बाईंनी ते मनावर घेतलं. एकसष्टाव्या पानावर मोहन होता. १९८३चा मे महिना, परगावचा शेवटचा सामना, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मोहन राजवाडेचा गोल, आणि संघ खालच्या गटात जाता जाता वाचला. ऑक्टोबरमधल्या समारंभात त्याचा सत्कार होणार होता. ईशिताने विमानाची तिकिटंही काढून ठेवली होती.

या गोलवर ती लहानाची मोठी झाली होती. अकराव्या वर्षी शाळेच्या टीममधून तिला वगळलं, तेव्हा हीच गोष्ट सांगून मोहनने तिला पुन्हा मैदानावर धाडलं होतं. आता हा गोल काढून घ्यायचा म्हणजे तिच्या बालपणातलाच एक तुकडा काढून घ्यायचा. ते मोहनच्याने होणार नव्हतं.

कारण गोल त्याने मारलाच नव्हता. मोहन आणि शशिधर तेव्हा लिंडेनफेल्डच्या कारखान्यात ट्रेनी होते. दोघं पुण्याचे, दोघं दुसऱ्या संघात, राहायला एकाच खोलीत. कारखान्याच्या होस्टेलमधल्या खोल्या फक्त खेळाडूंना मिळत. लागोपाठ तीन सामने चुकले की कारण काहीही असो, खोली सोडावी लागे, आणि बाहेरचं भाडं ट्रेनीला परवडण्यासारखं नव्हतं. जिन्यात घसरून मोहनचा घोटा सुजला आणि त्याचे दोन सामने बुडाले. तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शशिधर क्लबातून आला आणि त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी बसला. "या खेपेला दुसऱ्या संघाच्या यादीत माझं नाव नाहीये," तो म्हणाला. "तुझा पास दे. तेवढंच खेळायला मिळेल."

पास म्हणजे खेळाडूचं फोटो चिकटवलेलं कार्ड. सामन्याआधी रेफ्री ते बघे. फोटो जुना आणि अंधूक, दोघांना मिश्या, आणि त्या रेफ्रीला दोघंही सारखेच. मोहनने मोठ्या मनाने पास दिला. शशिधर त्याच्या नावावर खेळला, गोल मारून आला, आणि बोभाटा झाला तर गुण जातील म्हणून सगळ्या संघाने तोंडाला कुलूप लावलं.

पुढे दोघं लंडनला आले, लग्नं झाली, आणि कधीतरी पार्टीत मोहनने तो गोल स्वतःचा म्हणून सांगितला. शशिधर तिथेच होता, तोही सगळ्यांबरोबर हसला. मोहननेही मनाची समजूत घातली. पास माझा होता, उपकार माझे होते, मी नसतो तर हा पठ्ठ्या त्या दिवशी घरीच बसला असता. गोल इतक्या वेळा सांगून झाला होता की आता तो त्याला आठवायचासुद्धा.

आजही त्याने तो रंगवून सांगितला. क्र्यूगर बाई लिहून घेत होत्या. शशिधर चहात बिस्किट बुडवत शांतपणे ऐकत होता. मग बाईंनी चष्मा वर केला आणि जरा चाचरत काहीतरी विचारलं. ईशिता गोंधळली.

"बाबा, ती विचारते, तुमचा रूममेट शशिधर, तो आता कुठे असतो? त्या संडेला त्याचा नाव फर्स्ट टीमच्या लिस्टमध्ये होता. पहिल्यांदाच. पण मॅचला तो आलाच नाही. मग त्यांनी त्याला परत कधीच घेतला नाही. तो त्या दिवशी कुठे गेला होता, ते तिला बुकसाठी हवंय." ती शशिधरकडे वळली. "काका, हे तुम्हीच ना?"

मोहनकडे बघून शशिधरने फक्त मान हलवली. नको.

दुसऱ्या संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. बरोबरच होतं. ते पहिल्या संघाच्या यादीत लागलं होतं, आणि तो ते वाचून जिने चढून वर आला होता. बेचाळीस वर्षं मोहन या माणसावर केलेले उपकार मोजत आला होता. त्याला अशी लाज वाटली की कान तापले.

बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. मोहनने लॅपटॉप उचलला आणि शशिधरसमोर ठेवला.

"ईशू, सांग त्यांना," तो म्हणाला, "तो माझ्या नावावर खेळून माझी खोली वाचवायला गेला होता. जाता जाता गोलही मारून आला."