बरो आसंय

वॉर्डाच्या दारात नम्रता सिस्टरने हात आडवा धरला. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती तेच तिने गुलामचाचालाही विचारलं. "चाचा, पोट ठीक आहे ना? उलटी, जुलाब काही?"

"बरो आसंय," चाचा म्हणाला.

जीभ आपोआप वळली. या किनाऱ्यावर कुणी विचारलं की हेच सांगायचं असतं. होडीत गुडघाभर पाणी आलं तरी माणूस हेच सांगतो.

सिस्टरने बेसिनकडे बोट दाखवलं. "आधी साबणाने हात धुवा. नीट, बोटांमधून."

चाचाने पेजेचा डबा कट्ट्यावर ठेवला आणि नळ सोडला. दुपार होती. आत आठ खाटा नांगरलेल्या होड्यांसारख्या ओळीने उभ्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने हिरवे पडदे फुगत होते, पडत होते. ब्लीचिंगच्या पाण्याने पुसलेली फरशी अशी चकाकत होती, की खाटा हळूहळू डोलताहेत असंच वाटावं. दाराकडच्या चार खाटा रिकाम्या होत्या. उलट्यांची साथ एकेक करून त्या चौघांना घेऊन कोपऱ्यातल्या खोल्यांत गेली होती. पलीकडच्या चार अजून शाबूत होत्या. शेवटच्या खाटेवर, खिडकीखाली, अकिला होती. चाचाची बायको. मांडीचं हाड मोडून पडलेली, महिन्याभरात पिसासारखी हलकी झालेली. जेवताना पहिला घास ती चाचाच्या हातूनच घ्यायची. लग्न झाल्यापासूनची रीत होती ती. तो आला नाही की ती दिवसभर तोंड मिटून पडायची.

मागे सिस्टर आणखी कुणाला तरी सांगत होती, "बाटलीतलं औषध हाताला चोळून हा रोग मरत नाही, साबणच लागतो. आणि उलटी थांबली म्हणजे सुटलात असं नाही. पुढे दोन दिवस तो हातातून दुसऱ्याला जातो. अशक्त माणूस यात सुकून जातं हो."

चाचाचे हात फेसात थांबले.

परवा रात्री त्याला तीनदा उलटी झाली होती. काल पहाटे थांबली. काल दुपारी त्याने याच हाताने अकिलाला घास भरवला होता. फेस बोटांवरून ओघळत राहिला, नळाचा आवाज लांब लांब जात राहिला. सांगितलं तर दार बंद. ती उपाशी. नाही सांगितलं तर आज पुन्हा हाच हात, तोच घास. पन्नास वर्षं जाळं ओढलेला तो हात त्याला कुणा परक्याचा वाटू लागला.

त्याने नळ बंद केला.

"सिस्टर बाय, मी बरो नाय."

सिस्टर वळली. तिची ऑफिसातली भाषा गळून पडली. "कधीसून?"

"परवाच्या रातीक. थांबली म्हणान काल इलंय. तिका ह्याच हातान भरवलंय." ओले हात तो तसेच पुढे धरून उभा राहिला, चोरी सापडल्यासारखा.

मग खिडकीखालून आवाज आला. बारीक, पण रागाचा.

"गप ऱ्हवाक काय झालां होतां तुमका? म्हाताऱ्याच्या तोंडाक कधी कुलूप म्हणान नाय!" अकिला कोपरावर उठायला बघत होती. "लिवा बाय, आता माझांय लिवा. सकाळपासून दोनदा ओकलंय. पिशवी खाटेखाली लपयलेली आसा."

"आणि मी विचारलंय तेव्हा 'बरां आसा' म्हणालात?"

"सांगलां असतां तर तुमी ह्येंका आत सोडलां असतां?"

सिस्टरने वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशीला हाक मारली. मावशीने बादली आणली, फडकी आणली. शेजारच्या तीन खाटांच्या कडा, कठडे, पाण्याचे तांबे, सगळं पुसून निघालं. अकिलाची खाट चाकांवरून हळूहळू निघाली, चकाकत्या फरशीवरून, पडद्यांच्या फुगाऱ्यातून, कोपऱ्यातल्या खोलीकडे. जाताना तिने चाचाकडे बघितलं नाही. चाचाने कट्ट्यावर डबा तसाच ठेवला, टोपी सारखी केली आणि तो जिन्याकडे वळला.

"चाचा, चललात खंय?" सिस्टरने मागून हाक मारली. "त्या खोलीत तिच्या सोबतीक माका ह्यो रोग होवन गेलेलोच माणूस होयो."