कपातले रविवार

“सेमीफायनल मारली, बाबा. दोन-एक,” मुलगा दारात चप्पल काढता काढताच म्हणाला.

खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आता फायनल. म्हणजे अजून एक रविवार तरी नक्की.

राष्ट्रीय फुटबॉल कपाचा मामला सरळ असतो. हरलात की गाशा गुंडाळा, जिंकलात की पुढची फेरी. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला, चार-सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवणारा. पहिल्या फेरीच्या रात्री बाप आजारी पडला तेव्हा धावत आला. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की म्हाताऱ्याच्या मनाला धक्का बसेल असं काही बोलू नका. म्हाताऱ्याने डोळे उघडताच पहिल्या फेरीचं काय झालं ते विचारलं. जिंकलो, मुलगा म्हणाला. मग दुसऱ्या फेरीचं सांगायला आला, मग तिसरीचं. मधल्या रविवारी पुढची गाठ कुणाशी पडली ते सांगायला.

डोळे अधू झाल्यापासून म्हाताऱ्याचा पेपर सुटला होता. रेडिओ मुलाने पहिल्याच रविवारी दुरुस्तीला नेला, तो अजून दुकानातच होता. म्हाताऱ्याने त्याची कधी चौकशी केली नाही. रेडिओ घरात आला तर मुलगा कशाला येईल?

इथल्या संघाच्या मैदानावर म्हाताऱ्याची उभी हयात गेली होती. गवत कापायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, गोलच्या जाळ्या सांधायच्या. निवृत्त झाला तरी जाळ्यांचं काम त्याच्याकडेच राहिलं. तशी गाठ दुसऱ्या कुणाला जमत नसे. संघ कपातून बाद झाला की त्याच संध्याकाळी जाळ्या उतरत आणि त्याच्या घरी येत. दारात जाळी दिसली की बायको म्हणायची, “चला, यंदाही सुटलो.” ती गेली आणि बोलायला भिंती उरल्या.

मुलाला मात्र फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणी तो मैदानाकडे फिरकलाही नव्हता. परवा तर त्याने आपल्याच गोलकीपरला ऑफसाइड ठरवलं. म्हाताऱ्याने हसू दाबलं आणि पंच आंधळा असेल म्हणून सोडून दिलं. मुलगा हातवारे करत सांगायचा आणि म्हातारा सामन्याऐवजी त्याचा आवाज ऐकत राहायचा. आईचाच आवाज होता तो, थोडा जाड.

आजही मुलाने चहा केला. कप हातात देताना त्याची नजर बापाच्या बोटांवर गेली.

“बोटं का अशी सोलवटलीत?”

“भांडी घासतो ना. घासणी खरखरीत आहे.”

मुलाने नवी घासणी आणायचं कबूल केलं आणि केर काढायला घेतला. खाटेची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती. झाडू तिथे पोचला तसं म्हाताऱ्याने राहू दे म्हटलं, खाली सकाळीच झाडलं होतं.

फायनलचा रविवार उजाडला तेव्हा म्हाताऱ्याला कुणी जिंकायलाही नको होतं आणि कुणी हरायलाही. कप उचलला काय, गमावला काय, पुढची फेरी नव्हती. जिन्यावर पावलं वाजली आणि त्याला वाटलं, ही अजून थोडी लांब असती तर बरं झालं असतं.

मुलगा नवी घासणी घेऊन आला होता. खुर्ची ओढून समोर बसला.

“ऐका हं. नव्वद मिनिटं संपली आणि...”

“बरोबरी?” म्हाताऱ्याने मध्येच विचारलं.

मुलगा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

“हो,” तो हळूच म्हणाला. “बरोबरी.”

“मग पुन्हा खेळवतील.”

“पुन्हा खेळवतील.”

“पुढच्या रविवारी?”

“पुढच्या रविवारी. येतो ना मी सांगायला.”

मग दोघे बराच वेळ बोलत बसले, फुटबॉल सोडून सगळ्यावर. निघताना मुलाने चादरीचा चुरगळलेला कोपरा नीट केला.

त्याची पावलं जिन्यावरून पार खाली जाईपर्यंत म्हातारा कान देऊन बसला. मग त्याने चादर वर केली आणि पहिल्या फेरीच्या संध्याकाळीच घरी आलेली गोलची जाळी खाटेखालून ओढून राहिलेलं भोक सांधायला घेतलं.