डाव्या बाजूचा ब्रेक

तरुणाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"गार आहे. काका, सकाळपासून कोणी चालू केली नाही ना?"

"नाही."

"बरं केलंत. विकणारे आधीच गरम करून ठेवतात. मग थंड इंजिन कसं खोकतं ते कळतच नाही."

"तू नको खोकूस," त्याच्यासोबत आलेली बाई म्हणाली. "गाडी बघ आणि गप्प बस जरा."

दोघं फाटकातून आत आल्यापासून हेच चाललं होतं. ती त्याला गप्प बस म्हणायची आणि तो बोलतच राहायचा. काकांना ते बघवत नव्हतं. काकू गेल्यापासून काकांना गप्प बसा म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं. या माणसाला ते दर मिनिटाला ऐकायला मिळत होतं, आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं.

गाडी काकूंची होती. छोटी पांढरी हॅचबॅक. काकांना गाडी येत नव्हती, शिकायचं राहूनच गेलं. काकू चालवायच्या, काका डावीकडे बसायचे. आता ती नुसती दारात उभी होती. विकून टाका म्हणून मुलीने फोनवर तगादा लावला आणि जाहिरातही तिनेच दिली. काकांना तिला नाही म्हणता आलं नाही. पण गिऱ्हाईक आपणहून परत गेलं तर आपला काय दोष, असं मनाशी म्हणत ते उभे होते.

तरुण परत जाणाऱ्यांतला दिसत नव्हता. त्याने ऑइलची पट्टी काढून फडक्याला पुसली, नाकाजवळ नेली. दारांच्या फटींवरून बोट फिरवलं. एखादी फट रुंद असली तर गाडी ठोकलेली समजायची, असं तिला सांगितलं. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला.

"आता पट्ट्यात काय बघतोस?"

"गाडी पाण्यात बुडालेली असली तर चिखल इथे सापडतो. बाकी सगळं धुतात, हे टोक कोणी धूत नाही."

"असलं बरं लक्षात राहतं तुझ्या. दूध आण म्हटलं की विसरायचास."

"गाडी तुला चालवायचीय. माझं काय जातंय?"

म्हणजे चालवणार ती, आणि डावीकडे हा बसणार. काकांनी त्याला नीट न्याहाळलं. पाय लांब होते. बसल्या बसल्या सीट मागे ढकलेल. खिडकीवर कोपर टेकवेल. वळणावर ती पुढच्या गाडीवाल्याला हळूच शिवी देईल, ती फक्त याला ऐकू जाईल. काकांच्या पोटात दुखू लागलं. या वयात हे काय, म्हणून लाजही वाटली. पण दुखायचं थांबलं नाही.

तरुणाने डावं दार उघडलं आणि खाली वाकला.

"हे काय?"

पायाखालच्या रबरी मॅटला भोक पडलं होतं. त्याने मॅट उचलून बाहेर काढली. खालचा गालिचाही तेवढ्याच जागी झिजून पातळ झाला होता. तो सरळ उभा राहिला. त्याचा आवाज बदलला होता.

"काका, ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला जादा ब्रेक असतो. तो काढून टाकलात, पण खूण राहिली. आणि जाहिरातीत काय, तर एकाच बाईंनी वापरलेली! शिकाऊ लोकांनी क्लचची काय दशा केली असेल, देव जाणे. चल गं."

"काका, तुम्ही तरी खोटं बोलायला नको होतं," ती म्हणाली.

काकांनी फक्त गप्प राहायचं होतं. दोघं फाटकाबाहेर गेली असती आणि गाडी दारात राहिली असती. मुलीला सांगायला कारण आयतं मिळालं असतं. पण काकूंची गाडी म्हणजे कोणी कोणी धक्के देत शिकायला वापरलेली गाडी, असं म्हणत ती दोघं जाणार होती. काकूंच्या हातून गिअर कधी खरखरला नव्हता.

"थांबा," काका म्हणाले. "ते भोक माझं आहे. मी ब्रेक मारायचो."

"इकडे ब्रेक होता कुठे?"

"नव्हताच. तरी मारायचो. ट्रक आला की मारायचो, सिग्नल आला की मारायचो. कुत्रं पार पलीकडच्या फुटपाथवर असलं तरी मारायचो. इतकी वर्षं तेच. ती म्हणायची, तुमच्यामुळेच थांबली हो गाडी, नाहीतर मी आज घालणारच होते त्याच्या अंगावर."

बाईला हसू फुटलं. "अगं बाई, हाही अस्साच करायचा! वरचं हँडल धरून बसायचा. मी म्हणायचे, उतर आणि चालत ये."

तरुण हसला नाही.

"घेते मी ही गाडी," ती म्हणाली. "आधी एक चक्कर मारून बघते."

काकांनी चावी पुढे केली. "कागद कसे करायचे? दोघांच्या नावावर?"

"नाही, माझ्या एकटीच्या. आमचा घटस्फोट झालाय, काका. मला गाडीतलं कळत नाही, म्हणून एवढ्यापुरतं याला बोलावलं."

ती बसली, आरसा नीट केला आणि गाडी सफाईने फाटकाबाहेर काढली. दोघे पुरुष दारात उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी तरुण तिकडेच बघत होता. मॅट त्याच्या हातातच राहिली होती. त्याने भोकातून अंगठा फिरवला.

"भोक पडेपर्यंत बसायला मिळालं तुम्हाला," तो म्हणाला.