न आलेला फोन

"म्हणजे आम्ही ओरडतोय म्हणून आमचा नंबर मागे, असंच ना?" फोनवर मोठी बहीण विचारत होती.

मदत केंद्राची प्रमुख असलेल्या धाकटीने फोन कानापासून दूर केला नाही. खालच्या वस्तीतलं पुराचं पाणी ओसरलं होतं, पण चिखल दारांच्या कड्यांपर्यंत होता. बहीण, तिची सासू आणि शेजारपाजारची माणसं शाळेच्या माडीवर ओल्या कपड्यांनिशी बसली होती. केंद्रात आता एकच ट्रक उरला होता.

"तसं नाही गं, ताई. टेकडीवरच्या गावातून एकही फोन आलेला नाही."

"नाही आला म्हणजे त्यांचं बरं चाललंय."

"किंवा दरड कोसळून फोन करायला कुणी उरलेलं नाही."

मग बहीण म्हणाली, "सासूबाईंना ताप भरलाय. तुला सांगणार नव्हते." आणि तिने फोन ठेवला.

भिंतीवर नकाशा होता. जिथून हाक येई तिथे लाल टाचणी टोचली जाई. खालच्या वस्तीवर आता टाचणीला जागा उरली नव्हती. टेकडी मात्र कोरी होती. मागच्या भूकंपात असंच एक गाव कोरं राहिलं होतं. सगळ्या गाड्या हाकांच्या मागे धावल्या, आणि त्या गावात गाडी पोचली तेव्हा सामान उतरवून घ्यायला कुणी पुढे आलं नाही. तेव्हापासून तिचा नियम ठरला होता. न आलेला फोन आधी ऐकायचा. नव्याने कामावर येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच शिकवत आली होती. आजवर त्यात तिची बहीण कधी आली नव्हती.

"नियम तुमचा, मॅडम, आणि बहीणही तुमचीच," ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणत. "मी आपला तुम्ही म्हणाल तिकडे चाक वळवतो."

"टेकडीकडे," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी चढून बसली. चुकलं तर ते खुर्चीत बसून ऐकायचं नव्हतं.

जवळचा पूल वाहून गेला होता. ट्रक टेकडीला लांबचा वळसा घालून निघाला. तिने पुढचं सगळं मनात मांडून ठेवलं. खचलेली घरं, दबलेली माणसं, आधी पाणी कुणाला, स्ट्रेचर कुठे टेकवायचं.

शेवटच्या वळणावर घरं दिसली. धुराड्यांतून धूर येत होता. छपरं जागच्या जागी होती. एक कुंपणाची भिंत तेवढी पडली होती आणि तिच्या विटा कुणीतरी नीट रचूनही ठेवल्या होत्या. ब्लँकेटांच्या कारखान्यापुढे बायका उकडलेले बटाटे टोपल्यांत भरत होत्या.

"घ्या," मामा म्हणाले. "इथे तर आपल्यालाच जेवायला बसवतील."

हातातला एकुलता एक ट्रक तिने धडधाकट माणसांच्या दारात आणून उभा केला होता.

कारखाना चालवणारी विणकर बाई पदराला हात पुसत पुढे आली.

"फोन का नाही केलात?" प्रमुखाच्या तोंडून निघालं, आणि ते रागानेच निघालं.

"एकदा लावला होता. लागेना. म्हटलं, ज्यांचं अडलंय त्यांना बोलू द्यावं. आपण कशाला मध्ये घुसायचं?"

"तुमचा फोन आला नाही म्हणून मी इथे आले. खाली माणसं ओल्या कपड्यांत..."

विणकर बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात मामांनी ट्रकचं मागचं फळकूट पाडलं. "खोकी कुठे उतरवू?"

"उतरवू नका, दादा. आत सरकवा. जागा करा."

विणकर बाईने कारखान्याचं दार उघडलं. आत छतापर्यंत ब्लँकेटं रचली होती, सुतळीने बांधलेली, उचलायला तयार.

"अहो, हा तर विकायचा माल दिसतोय," मामा म्हणाले.

"व्यापाऱ्याला सांगू, माल पुरात गेला. खोटं थोडंच आहे?"

बटाटे भरणाऱ्या बायका हसल्या. प्रमुखाला हसू आलं नाही. "मग हे खाली न्यायला तरी गाडी मागायचीत."

"मागितली असती तर कुणाच्या तरी वाट्याची आली असती."

कारखान्याच्या मागून पुरुष फावडी खांद्यावर टाकून येत होते. गुडघ्यांपर्यंत चिखल होता. खालच्या वस्तीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दरड कोसळली होती. ती त्यांनी नुकतीच बाजूला केली होती. आता ट्रक या बाजूने थेट शाळेच्या दारात उतरणार होता.

बायकांनी रांग धरली. प्रमुखही त्या रांगेत उभी राहिली. गठ्ठे हातोहात पुढे सरकले, मधल्या फटींत गरम टोपल्या बसल्या. केंद्रातून आणलेलं एकही खोकं खाली उतरलं नाही. वजनाने ट्रकचे पाटे दबले तेव्हा मामांनी हात वर केला.

ती चढून बसली. आभार मानावेसे वाटले, पण शब्द फार लहान वाटला. "उद्या काही लागलं तर मात्र फोन करा," ती खिडकीतून म्हणाली.

"फोन नाही करणार," विणकर बाई फळकुटाची कडी लावत म्हणाली. "पण गाडी पाठवा. रिकामी."