मकरूदचा डबा

पोरांनी ट्युनिशियातलं काफ शहर सोडून जाऊ नये, इथंच कॉम्प्युटरच्या कंपन्या काढाव्यात, म्हणून विदादने संस्था उभी केली. पण शिकून तयार झालेला जो तो, व्हिसा आला की सगळ्यांना खजूर भरलेले मकरूद वाटून तोंड गोड करायचा आणि फ्रान्स गाठायचा.

आज सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात तिचा लाडका विद्यार्थी शिहाब मकरूदचा डबा घेऊन दारात उभा.

"तूपण निघालास?"

"व्हिसाचा नाही हो मॅडम. बाजारात गाळा घेतलाय, चार पोरं कामाला ठेवतोय. तुम्ही नाही ना सोडून गेलात, म्हणून मलाही धीर आला."

विदादने मकरूद तोंडात टाकला.



सकाळी स्वतः वाटायला आणलेला डबा तिने पायानेच टेबलाखाली आणखी आत सरकवला.