जावेची वेणी

"रोज केस विंचरा, नाहीतर हात कायमचा आखडेल," व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. कॅन्सरनं स्तन गेल्यापासून मालनचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि केमोनं डोक्यावर एक केस ठेवला नव्हता.

"विंचरू काय, डोंबल?" तिनं खाटेवरूनच फणी भिरकावली. बरं होण्याचाही वीट आला होता तिला.

धाकट्या जावेनं फणी उचलली, स्वतःचा अंबाडा सोडला आणि ती पुढ्यात उंच स्टुलावर पाठ करून बसली. "घाला माझी वेणी, आक्का."

"खाली बस की, भवाने! तिथवर हात पोचत नाही माझा."

"म्हणून तर वर बसले."

शिव्या घालत, कळ सोसत मालननं वेणी घातली, पार वाकडी. जाऊ तशीच बाजार करून आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर बसली.